कांजिण्या : आपल्या लहानपणीच्या आणि आपल्या मुलांच्या

२०१८ सालचा गुढीपाडवा आमच्या चांगलाच लक्षात आहे. १८ मार्च, रविवार. वसंत ऋतू सुरू झाल्याचं पंचांग सांगत होतं आणि बाहेर बेसिंगस्टोकमध्ये बर्फ पडत होता! मागच्या अंगणात आम्ही कुडकुडत गुढी उभारली. कडुलिंब इथे कुठून आणणार, म्हणून दरवर्षीप्रमाणे कढीलिंबाची डहाळी बांधली. आसपासच्या रस्त्यांवरची तीन कुटुंबं बर्फ तुडवत चालत जेवायला आली. त्यात रत्नागिरीकडचं एक नवीन जोडपं होतं. तिला चौथा महिना होता. आमची तीन वर्षांची लेक तिला अशी काही चिकटली की दुपारभर तिच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. श्रीखंड-पुरीसुद्धा तिच्याच हातून खाल्ली.

सोमवारी संध्याकाळी आंघोळ घालताना लेकीच्या कानामागे आणि पोटावर पाण्याने भरलेले चार-पाच फोड दिसले. सकाळपर्यंत त्यांचे चाळीस झाले. नर्सरीत फोन केला तर तिकडून उत्तर आलं, की तिच्या वर्गातली आणखी दोन मुलं घरी आहेत. म्हणजे कांजिण्याच.

खरं सांगायचं तर आम्हाला फारसं वाईट वाटलं नाही. सांगलीहून आईचा फोन आला, "बरं झालं, लहानपणीच होऊन गेल्या. आता आठ दिवस घरात फोडणी घालू नका, आणि तिला खाजवू देऊ नका." आम्ही आज्ञाधारकपणे बिनफोडणीचं वरण-भात सुरू केलं, आणि पाडव्याला आलेल्या मंडळींना कळवलं, की बाई गं, मुलांकडे लक्ष ठेवा. त्यावर दहा मिनिटांत रत्नागिरीकरणीचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"वहिनी, मला लहानपणी झाल्याच नाहीत हो. आत्ताच आईला विचारलं."

पुढचे तीन आठवडे आम्ही विसरणं शक्य नाही. तिने मिडवाइफला कळवलं, रक्त तपासलं गेलं, आणि शरीरात कांजिण्यांविरुद्ध काहीच प्रतिकारशक्ती नाही असं निघालं. मग तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळालं. (आता २०२२ पासून अशा वेळी बहुधा विषाणूविरोधी गोळ्या देतात.) गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पहिल्या वीस आठवड्यांत क्वचित पोटातल्या बाळालाही इजा पोहोचते. आमची लेक आठव्या दिवशी खपल्या घेऊन सोफ्यावर उड्या मारत होती आणि तिकडे ती बिचारी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून दिवस मोजत होती. सुदैवाने काही झालं नाही. ऐन गणपतीत तिला मुलगी झाली, छान गुटगुटीत. पण "बरं झालं, होऊन गेल्या" हे वाक्य त्यानंतर आमच्या तोंडून कधी निघालं नाही.

आमच्या लेकीच्या अंगावर एक-दोन वण राहिले, बस्स. पण ज्या घरात पाहुणे येतात, त्या घरातला आजार त्या घरापुरता राहत नाही, हे आम्हाला त्या पाडव्याने शिकवलं.

आपल्यातच जास्त का?

ती एकटीच तशी असेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं नाही. थंड हवेच्या देशांत कांजिण्या हा लहान मुलांचा आजार. इंग्लंडमध्ये चार वर्षांपर्यंत निम्म्या मुलांना आणि दहा वर्षांपर्यंत जवळजवळ नव्वद टक्के मुलांना तो होऊन जात असे. उष्ण हवेच्या प्रदेशांत मात्र हाच आजार उशिरा होतो, आणि बरीच माणसं तो न होताच मोठी होतात. म्हणजे कोकणात, मुंबईत वाढलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी नोकरीसाठी किंवा लग्न होऊन इथे येते, इथल्या नर्सरीतल्या पोरांच्या गराड्यात सापडते, आणि ज्या वयात हा आजार जड जातो नेमका त्याच वयात तिची त्याच्याशी पहिली गाठ पडते. मोठेपणी फोड जास्त येतात, ताप जास्त चढतो, फुप्फुसापर्यंत जाण्याची भीती जास्त. भारतातून येऊन इथल्या रुग्णालयांत नोकरीला लागणाऱ्या नर्सेस आणि डॉक्टरांना कांजिण्या झाल्या होत्या का हे पहिल्याच तपासणीत विचारतात, आणि नसतील तर लस देतात, ते याचसाठी.

तेव्हा पहिलं काम अगदी सोपं. आज भारतात फोन कराल तेव्हा आईला विचारा, "मला कांजिण्या झाल्या होत्या का गं?" गोवर आणि कांजिण्या यांत तिचा गोंधळ होत असेल तर तसं सर्जरीत सांगा. मोठ्या माणसांना ही लस सरसकट मोफत नाही, पण खाजगीत चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेता येतात. ती गरोदरपणात चालत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणून मूल हवं असं मनात आलं की त्याच्या आधी हा विचार करायचा.

लस होती, मग इथे का नव्हती?

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. "म्हणजे? तुमच्याकडे कांजिण्यांची लस देत नाहीत?" आम्ही गप्प. अमेरिकेत ती १९९५ सालीच आली होती. इथेही पैसे देऊन मिळत होती, हे आम्हाला लेकीच्या खपल्या पडल्यावर कळलं!

या लशीची गोष्ट आपल्यासारख्या घराला जवळची वाटावी अशी आहे. मिचिआकी ताकाहाशी नावाचे एक जपानी डॉक्टर १९६४ साली संशोधनासाठी अमेरिकेत ह्यूस्टनला राहत होते. त्यांच्या लहान मुलाला तिथे कांजिण्या झाल्या, आणि इतक्या जोरात की आई-बापांनी रात्र-रात्र जागून काढल्या. परक्या देशात आजारी मुलाच्या उशाशी बसणं काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ते जपानला परतले आणि याच विषाणूच्या मागे लागले. ओका नावाच्या एका मुलाच्या अंगावरच्या फोडातून मिळालेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला. १९७४ साली लस तयार झाली. जगभर आज दिली जाणारी कांजिण्यांची लस बहुतेक याच 'ओका' वाणाची आहे.

लस येण्यापूर्वी अमेरिकेत दरवर्षी सुमारे चाळीस लाख लोकांना कांजिण्या होत, दहा हजारांहून जास्त रुग्णालयात दाखल होत आणि शंभर ते दीडशे दगावत. त्यांतले बरेचसे आधी धडधाकट असलेले. लशीनंतर हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. मात्र एका डोसने पूर्ण भागत नाही हेही तिथेच दिसलं. एक डोस घेतलेल्या मुलांच्या शाळांतही साथी येत राहिल्या, म्हणून २००६ पासून तिथे दुसरा डोस सुरू झाला.

मग ब्रिटन का थांबलं? त्याला कारण होतं आपली 'नागीण'. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडी मारून बसतो आणि म्हातारपणी, शक्ती कमी झाली की नागीण होऊन वर येतो. इथल्या तज्ज्ञांचा विचार असा, की नातवंडांच्या कांजिण्यांशी अधूनमधून संबंध आला की आजी-आजोबांची प्रतिकारशक्ती ताजी राहते. मुलांच्या कांजिण्याच बंद केल्या तर नागीण वाढेल. म्हणून २०१० साली समितीने मुलांच्या लशीला नकार दिला आणि म्हाताऱ्यांना नागिणीची लस द्यावी असं सुचवलं. ती २०१३ पासून सुरू झाली. पुढे अमेरिकेच्या अनुभवातून ही भीती खरी ठरली नाही असं दिसलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच समितीने होकार दिला, ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने घोषणा केली आणि जानेवारी २०२६ पासून मुलांना ही लस मोफत मिळू लागली. वेगळी सुई नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एमएमआर लशीतच कांजिण्यांची भर घालून तिचं नाव झालं एमएमआरव्ही.

जन्मतारीख पाहा

कोणाला किती डोस आणि कधी, हे मुलाच्या जन्मतारखेवर ठरतं. इंग्लंडमधला हिशेब असा :

१ जानेवारी २०२५ ला किंवा नंतर जन्मलेली मुलं : पहिला डोस १२ महिन्यांना, दुसरा १८ महिन्यांना.

१ जुलै ते ३१ डिसेंबर २०२४ मधली : एक डोस १८ महिन्यांना, दुसरा ३ वर्षे ४ महिन्यांना.

१ सप्टेंबर २०२२ ते ३० जून २०२४ मधली : एकच डोस, ३ वर्षे ४ महिन्यांना.

१ जानेवारी २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ मधली : कांजिण्या झाल्या नसतील आणि लशीचे दोन डोसही झाले नसतील, तर एक डोस. त्यासाठीची मोहीम नोव्हेंबर २०२६ ते मार्च २०२८ या काळात.

त्याहून मोठ्या मुलांसाठी मोफत कार्यक्रम नाही. बहुतेकांना आजार होऊन गेला असेल असं त्यामागे गृहीत धरलं आहे. पण तुमचं मूल नुकतंच भारतातून आलं असेल तर हे गृहीत त्याला लागू पडेलच असं नाही. जरूर विचारा.

बारा महिनेच का, आधी का नाही? बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिले काही महिने रक्तात असतात. ती बाळाचं रक्षण करतात, पण लशीलाही नीट काम करू देत नाहीत. वर्षाचं झालं की ती ओसरतात. आणि दुसरा डोस पूर्वीसारखा सव्वातीन वर्षांनंतर न ठेवता दीड वर्षावर का आणला? कारण मुलं नर्सरीत लवकर जातात आणि आजार तिथेच पसरतो. शिवाय गोवराविरुद्धचे दोन्ही डोसही लवकर पुरे होतात. पहिल्या डोसने बहुतेकांना संरक्षण मिळतं, दुसऱ्याने उरलेली फट बुजते. तेव्हा "एक झालाय ना, दुसरा बघू" असं करू नये.

दोन देशांची दोन कार्डं

आता आमच्या घरातली या वर्षीची गोष्ट. धाकटे भाऊ-भावजय नाताळानंतर पुण्याहून इथे राहायला आले. बाळ नोव्हेंबर २०२४ चं. भावजयीने लसीकरणाचं कार्ड पासपोर्टाइतकं जपून आणलं होतं. त्यावर नवव्या महिन्यात दिलेल्या एमएमआरपुढे डॉक्टरांची सही-शिक्का. "गोवराचं झालंय, आता दीड वर्षाचा झाला की बघू," असं दोघंही निश्चिंत. जानेवारीत सर्जरीत नाव घातलं तेव्हा नर्सबाईंनी कार्ड नीट वाचलं आणि सांगितलं, वर्षाच्या आत दिलेला एमएमआर इथे मोजत नाहीत. म्हणजे बाळाचा हिशेब शून्यापासून!

भावजय जरा दुखावली. आमच्या डॉक्टरांनी चूक केली का? मुळीच नाही. भारतात तान्ह्या बाळांना गोवराचा धोका जास्त, म्हणून तिथे नवव्या महिन्यात देतात आणि दुसऱ्या वर्षात पुन्हा देतात. इथला हिशेब इथल्या परिस्थितीवर बसवलेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. घोटाळा होतो तो मधल्या विमानप्रवासात. तिकडचा पुढचा डोस व्हायच्या आधी मूल निघतं, आणि इकडे कार्डावरची सही बघून आपणच समजतो की झालं. बाळाला जानेवारीतच एमएमआरव्हीचा पहिला डोस मिळाला, आणि दुसरा मे महिन्यात, दीड वर्ष पुरं झाल्यावर, असा ठरला.

कांजिण्यांचीही तीच कथा. भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात नाही. खाजगी बालरोगतज्ज्ञ साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास पहिला डोस देतात. तेव्हा भारतातून आलेल्या मुलाच्या कार्डावर ती असेल किंवा नसेलही. कार्ड घेऊन जा आणि तारखा दाखवा. आधी एखादा डोस झाला असेल किंवा कांजिण्या होऊन गेल्या असतील, तरी नेहमीच्या वेळचा एमएमआरव्ही देता येतो. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही.

उलट दिशेचंही लक्षात ठेवा. सहा महिन्यांचं बाळ घेऊन आजी-आजोबांना दाखवायला भारतात निघाला असाल, तर जाण्यापूर्वी एमएमआर द्यावा का हे सर्जरीत विचारा. तो प्रवासासाठीचा जादा डोस. तोही पुढे मोजत नाहीत, बाराव्या आणि अठराव्या महिन्याचे दोन घ्यावेच लागतात.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना

एमएमआरव्हीच्या दोन लशी इथे वापरात आहेत. प्रोक्वाड आणि प्रायोरिक्स-टेट्रा. प्रोक्वाडमध्ये डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं, प्रायोरिक्स-टेट्रामध्ये ते नसतं. ज्यांना चालत नसेल त्यांनी संकोच न करता, भेटीची वेळ घेतानाच, जिलेटिन नसलेली हवी म्हणून सांगावं. आयत्या वेळी सांगितलं तर ती लस सर्जरीत नसेल आणि हेलपाटा पडेल. पण एवढ्या कारणावरून लस टाळू मात्र नका.

लशीनंतर, आणि लस नसेल तेव्हा

आमच्या पुतण्याला लस घेतल्यावर आठ दिवस काही झालं नाही. आम्ही विसरूनही गेलो. नवव्या दिवशी ताप आणि अंगावर बारीक लालसर पुरळ. भावजय घाबरली, "हे काय आता?" ही लशीचीच चाल. गोवराचा भाग साधारण आठवडा-दीड आठवड्याने आपलं काम दाखवतो. कांजिण्यांच्या भागामुळे महिनाभरात कधी थोडे फोडही दिसतात. क्वचित एखाद्या मुलाला तापात आकडी येते. पहिला डोस एकत्रित लशीने दिला तर असं होण्याचं प्रमाण थोडं जास्त, अमेरिकेतल्या अनुभवानुसार सुमारे तेवीसशे ते सव्वीसशे मुलांमागे एक जादा. अशी आकडी बघवत नाही, पण बहुधा कायमची इजा करत नाही. ती आली तर ९९९ ला फोन करायचाच. पहिला वाढदिवस, लस आणि मुंबईचं विमान हे सगळं एकाच पंधरवड्यात बसवू नका, एवढंच. आणि मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने किंवा औषधाने कमी झाली असेल, तर टोचण्याआधी सांगा. ही जिवंत लस आहे.

ज्यांना लस मिळाली नाही आणि कांजिण्या झाल्याच, त्यांच्यासाठी थोडं. संपर्कानंतर एक ते तीन आठवड्यांत फोड येतात. फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, साधारण पाच दिवस, मूल संसर्ग पसरवतं. तापाला पॅरासिटॅमॉल द्या. आयबुप्रोफेन नको, त्याने त्वचेचा संसर्ग चिघळू शकतो. भारतातून आणलेल्या तापाच्या काही सिरपमध्ये ही दोन्ही औषधं एकत्र असतात, तेव्हा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ॲस्पिरिन तर सोळा वर्षांखालच्या मुलाला नाहीच. नखं कापा, सैल सुती कपडे घाला. फोडणी बंद ठेवायची तर ठेवा, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण मूल पाणी पीत नसेल, धाप लागत असेल, फोडांभोवती लाल-गरम सूज येत असेल, किंवा गुंगीत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. आणि घरी कोणी गरोदर, तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस येऊन गेलं असेल, तर त्यांना त्याच दिवशी फोन करा. लाजू नका.

आजी-आजोबा इथे आले असतील तर त्यांच्यासाठीही एक. नातवाच्या कांजिण्यांमुळे त्यांना नागीण होत नाही. पण त्यांना नागीण झाली असेल तर तिच्या फोडांतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात. आणि नागिणीने कमरेला वेढा पुरा केला की माणूस जातो, ही समजूत आता सोडून देऊ या. ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला राहते. दुखते मात्र भयंकर, म्हणून लवकर औषध.

आपल्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल वण आहे. लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवत बसायचो. ती लस एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इथून दोन तासांच्या अंतरावर, बर्कलीत, पहिल्यांदा टोचली. १४ जून १८०२ रोजी ती मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. आमच्या लेकीएवढीच! आज देवी हा शब्द आपल्या मुलांना फक्त देव्हाऱ्यातला ठाऊक आहे. कांजिण्यांचं तसं व्हायला वेळ लागेल. तोवर मुलांची रेड बुकं आणि भारतातली कार्डं एका पिशवीत ठेवा, आणि पुढच्या पाडव्याच्या आत त्यांवरच्या तारखा एकदा शेजारी-शेजारी मांडून बघा.

रत्नागिरीकरणीची लेक आता शाळेत जाते. पाडव्याला ती आमच्याकडेच असते. आणि तिच्या आईने, बाळंतपणानंतर, आपले दोन्ही डोस घेतले आहेत.